अर्धी कमांड

१

मिस्त्रीकाकांनी जाता जाता चार नंबरच्या खोलीच्या झरोक्याला सहज डोळा लावला, आणि त्यांच्या हातातली किटली सुटून जमिनीवर आदळली. आत, सफरचंदांच्या क्रेटच्या दोन थप्प्यांमध्ये मामा पालथे पडले होते. एक चप्पल पायात, दुसरी लांब कुठेतरी.

काकांनी ओरडाआरडा केला नाही. छाती भरून श्वास घेतला, दार उघडलं, आत धाव घेतली आणि मामांच्या बगलेत हात घालून त्यांना फरफटत बाहेर आणलं. मग मात्र त्यांचा बांध फुटला. "अरे धावा रे कुणीतरी! मामा गेला!"

मामा गेले नव्हते. पण ओठ जांभळ्या शाईत बुडवल्यासारखे झाले होते, आणि डोळे अर्धे उघडे असूनही कुणाला बघत नव्हते.

भाची वरच्या मजल्यावरून जिना उतरून आली ती अनवाणीच. मामा तिचे सख्खे मामा. तिच्यामुळे सगळं कोल्ड स्टोरेज त्यांना मामा म्हणायला लागलं, आणि त्यांच्यामुळे सगळे तिला भाची. तिथली प्रोग्रॅमर तीच. खोल्यांची हवा ज्या प्रोग्रॅमने बदलायची तो तिने लिहिलेला.

सफरचंदं महिनोन्‌महिने टिकावीत म्हणून तिथल्या बंद खोल्यांमध्ये नायट्रोजन भरून ठेवतात. फळं झोपी जातात. माणूस आत गेला तर तोही झोपतो, फक्त त्याला पुन्हा जाग येत नाही. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही. घुसमटतंय असंसुद्धा वाटत नाही. म्हणून आत जायचं तर आधी नियंत्रण कक्षातून कमांड देऊन ताजी हवा सोडायची, ती भरेपर्यंत थांबायचं आणि गळ्यात मीटर अडकवून मगच दार उघडायचं. प्राणवायू कमी असला की ते मीटर कान किटतील असं ओरडतं. हे सगळ्यांना शिकवलं कुणी? मामांनीच.

दाराशेजारच्या पाटीवर, आत जाणाऱ्याने नाव लिहायचं तिथे, खडूने "मा" एवढंच लिहिलेलं होतं.

मामांच्या गळ्यात मीटर होतं. ते ओरडलं नव्हतं.

रुग्णवाहिकेच्या मागे भाची धावत सुटणार तेवढ्यात मॅनेजरसाहेबांनी तिला अडवलं. "खोलीत ताजी हवा सोडलेलीच नव्हती. नायट्रोजन सोडला होता." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "आणि कमांड मामांनी स्वतः दिलीय. तुझ्या प्रोग्रॅममधून."

२

हॉस्पिटलच्या बाकावर भाचीचे दात वाजत होते. थंडी नव्हती. मामी काचेच्या दारापलीकडे बघत उभी होती, आणि त्या दारातून कुणी बाहेर आलं की भाची अर्धी उठून उभी राहत होती.

ताई आली आणि तिला जवळ घेऊन बसली. ताई म्हणजे फळांचा दर्जा तपासणारी. तिच्या ओढणीला कायम सफरचंदांचा वास यायचा. भाचीला नोकरीच्या पहिल्या दिवशी डबा अर्धा काढून देणारी हीच.

"माझ्या प्रोग्रॅमने मारलं ताई त्याला," भाची म्हणाली.

"वेडी आहेस का? तुझा काय दोष? दोन अक्षरांचा आळस नडला गं त्यांना." ताईने तिच्या केसांवरून हात फिरवला. "माणूस इतका गुणी, पण लिहायचा कंटाळा."

भाचीला पाटीवरचं "मा" आठवलं आणि रडू आवरेना. खरंच होतं. मामा कधी काही पूर्ण लिहायचेच नाहीत. एकदा घाईत निघताना "येतो" लिहायच्या ऐवजी नुसतं "ये" लिहून गेले, तर मामी बिचारी रिक्षा करून कोल्ड स्टोरेजच्या दारात येऊन उभी! तो किस्सा गावभर झाला होता.

डॉक्टर म्हणाले, जीव आहे. शुद्ध कधी येईल, आली तर काय काय परत येईल, आत्ता सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नियंत्रण कक्षात बोलावणं आलं. कामगार-सुरक्षा खात्याचे निरीक्षक आले होते. उंच, वाळलेले, गळ्याला मफलर. दाराजवळची खुर्ची त्यांनी मुद्दाम निवडली आणि दार उघडंच ठेवलं. "मला बंद खोल्यांची भीती वाटते," ते संकोचून म्हणाले. "नोकरी अशी, आणि भीती ही. हसू नका."

भाचीला हसू येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यांनी खिशातून मामांचं मीटर काढलं आणि पाठचं झाकण सरकवलं. आत सेल नव्हता. स्प्रिंग मोकळी दिसत होती.

"सेल संपला असता तर मी समजू शकलो असतो," निरीक्षक म्हणाले. "माणूस विसरतो. पण सेलच नाही, हे कसं समजायचं? संपलेला सेल काढला की नवा घालायलाच काढतात ना? मधेच सोडून कोण जातं?"

आत्तापर्यंत भाची एका चुकीला घाबरत होती. आता कळलं की या इमारतीत घाबरण्यासारखं एक माणूस आहे.

"खोलीबाहेर प्राणवायूचा आकडा दाखवणारा डबा असतो, तोही बंद आहे?"

"महिना झाला. साहेब म्हणतात नवा मागवलाय."

"बरं. आता मामांनी काल सकाळी काय टाइप केलं ते दाखवा."

भाचीने आदल्या दिवसाच्या कमांड स्क्रीनवर आणल्या. पडद्यावर ओळ उमटली:

हवा --खोली ४ --ताजी

"हे दोन रेघांनंतरचे शब्द म्हणजे पर्याय," तिने समजावलं. "पहिला सांगतो खोली कुठली. दुसरा सांगतो करायचं काय. ताजी हवा सोडायची असेल तर 'ताजी-हवा' लिहायचं. आणि नुसतं 'ताजी' म्हणजे..." ती अडखळली. "नायट्रोजन. फळं ताजी ठेवण्यासाठी. हा पर्याय नवा आहे. मामा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रजेवर होता तेव्हा मीच घातला. रजेनंतर काल तो पहिल्यांदाच कामावर आला."

"म्हणजे त्यांनी चुकून नवा शब्द वापरला."

"तसंच असणार."

"त्याआधी ते काय लिहायचे?"

भाचीने मागच्या ओळी वर सरकवल्या. रजेच्या आधीचा महिना. त्याच्या आधीचा. मागचा हंगाम. खोली दोन, ताजी. खोली सहा, ताजी. खोली चार, ताजी.

तो पर्याय अस्तित्वातच नव्हता, तेव्हापासून मामा तोच लिहीत आले होते. आणि दरवेळी खोलीतून हसत बाहेर आले होते.

३

"सावकाश सांगा," निरीक्षक म्हणाले. "मला यातलं काही कळत नाही असं समजू नका. खरंच कळत नाही."

भाची पाणी प्यायली. "टाइप केलेले शब्द वाचायचं काम मी स्वतः लिहिलेलं नाही. प्रोग्रॅमच्या भाषेबरोबर एक तयार भाग मिळतो, तो ते करतो. त्याची एक सवय असते. पर्यायाचं नाव अर्धंच लिहिलं आणि त्या सुरुवातीचा एकच पर्याय असला, तर उरलेलं तो मनाने पूर्ण करून घेतो. दोन असले तर म्हणतो, नक्की कुठला ते सांगा."

"मग इथे दोन होते की. 'ताजी' आणि 'ताजी-हवा'. त्याने विचारायला हवं होतं."

"नाही. लिहिलेला शब्द एखाद्या पर्यायाशी तंतोतंत जुळला, तर तो दुसऱ्या कुणाचा विचारच करत नाही." कसं सांगावं, याचा तिने विचार केला. "घरात मामी म्हणते, 'अहो, जरा ते द्या.' आणि मामा बरोबर तीच वस्तू उचलून देतो. का, तर इतक्या वर्षांत त्याला माहीत झालंय. पण उद्या कुणी 'ते' याच नावाची एक वस्तू घरात आणून ठेवली तर?"

"तर मामा ती उचलून देतील," निरीक्षक हळूच म्हणाले. "आणि मामींना कळायचंही नाही काय हातात आलं."

उघड्या दारातून बाहेरच्या पंख्यांची घरघर ऐकू येत होती.

"हे नाव ठेवायचं कुणी सुचवलं?"

भाचीने डोळे मिटले. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधली बैठक. साहेब, ताई, मिस्त्रीकाका आणि ती. आधीचा, आणि अजूनही चालणारा, पर्याय होता 'नायट्रोजन-भरा', आणि ते लिहिताना सगळ्यांची त्रेधा उडायची. कुणी 'ट्रो' चुकवायचं, कुणी 'ज'. साहेब वैतागले होते, काहीतरी सोपं कर बाई. मग कुणीतरी म्हणालं, फळं ताजी राहतात ना, मग 'ताजी' ठेवा! सगळे हसले. चहा आला.

"कुणीतरी म्हणालं. कुणी, ते आठवत नाही." ती रडकुंडीला आली. "मला वाटलं, 'ताजी-हवा' वेगळं, 'ताजी' वेगळं. मामा अर्धंच लिहितो हे मला ठाऊकच नव्हतं हो. मी वर बसते. मी त्याला टाइप करताना कधी पाहिलेलंच नाही."

"भिंतीवरच्या बोर्डावर पूर्ण लिहिलंय. 'ताजी-हवा'."

"म्हणून तर सगळ्यांना वाटतं तो पूर्णच लिहितो."

"सगळ्यांना नाही," निरीक्षक म्हणाले. त्यांनी मफलर सैल केला. "एका माणसाला माहीत होतं. ते बरोबर कुठल्या अक्षरावर थांबतात, तेसुद्धा. आणि त्या माणसाने तिथे खड्डा खणला. फक्त, खणायला कुदळ तुमची वापरली."

ते गेल्यावर भाचीने वर आपल्या जागेवर जाऊन पहिलं काम केलं ते प्रोग्रॅम उघडण्याचं. 'ताजी' हा पर्याय पुसून टाकला. मग त्या तयार भागाला बजावलं की यापुढे अर्धा शब्द घ्यायचा नाही. पूर्ण लिहिलं तर ठीक, नाहीतर सरळ नकार. बोटं इतकी कापत होती की चार ओळींना अर्धा तास लागला. हे कुणाला सांगावं हे तिला कळेना. सांगावं असं माणूसच कुठलं उरलं होतं? तिने कुणालाच सांगितलं नाही.

मागे पावलं वाजली म्हणून ती दचकून वळली. दारात मिस्त्रीकाका होते. त्यांच्या तळहातावर एक सेल होता.

"हा माझ्या हत्यारांच्या पेटीत सापडला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मी ठेवला नाही गं. आईशप्पथ."

४

निरीक्षकांनी प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला: मामा खोली उघडायच्या आधी काय टाइप करायचे?

"बोर्डावर आहे तेच," मॅनेजरसाहेब म्हणाले. ते घाम पुसत होते. "मी खाली जात नाही हो. मला दमा आहे, थंडी सोसत नाही. तो डबा बंद होता ते माझ्या डोक्यावर टाका, घेतो मी. पण शब्द मी नाही सुचवला. मिस्त्रीने सुचवला असेल."

"नव्या शब्दाबद्दल मामांना सांगायचं कुणाकडे होतं?"

"भाचीला मी म्हटलं होतं, मी सांगतो. मग मीटिंग, मग हे, मग ते... शेवटी ताईंना म्हटलं, तुम्हीच सांगा."

मिस्त्रीकाका सेलसाठी वाट्टेल ती शपथ घ्यायला तयार होते. "मी रोज त्याच्याबरोबर चहा पितो, खरंय. पण मी बसतो टेबलाच्या अलीकडे, तो पलीकडे. स्क्रीनचं तोंड त्याच्याकडे, पाठ माझ्याकडे. काय बडवतो कीबोर्डावर, मला काय ठाऊक! आणि शब्द साहेबांनी सुचवला असेल. मी कशाला बोलतोय साहेबांच्या केबिनमध्ये?"

ताई शांत होती. डोळे रडून सुजलेले. "बोर्डावर लिहिलंय तेच लिहायचे ना? ताजी-हवा. नवा शब्द आलाय हे मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. डोळ्याला पट्टी होती, औषधांची गुंगी होती. विसरले असतील. शब्द? मला वाटतं भाचीचाच होता."

मामीला भेटायला निरीक्षक हॉस्पिटलमध्ये गेले. भाची सोबत होती. मामी बराच वेळ नुसती पदराचं टोक पिळत राहिली.

"रजेवर होते तेव्हा जेवत नव्हते धड," ती म्हणाली. "मी म्हटलं, डोळा दुखतोय का? तर म्हणाले, एका माणसाला मुदत दिलीय. त्याच्या तोंडून आलं तर बरं, नाहीतर मला बोलावं लागेल. कोण, काय, काही सांगितलं नाही. अर्धंच बोलायचे हो सगळं."

बोलता बोलता तिला स्वतःचंच "बोलायचे" खटकलं. "बोलतात," तिने घाईघाईने सुधारलं, आणि तोंडाला पदर लावला.

५

दुपारी भाची कोल्ड स्टोरेजमध्ये परतली. कामगारांना सुट्टी दिलेली होती. लांबच लांब मार्गिकेत फक्त पंखे बोलत होते. स्वतःच्या पावलांचा आवाज तिला मागून कुणी येतंय असा वाटत होता.

"भाची!" ताईने चार नंबरच्या दारातून हाक मारली. तिच्या हातात टॉर्च होता. "मामींचा फोन आला होता. मामांचा नवा चष्मा आतच पडलाय म्हणे. शुद्धीवर आले की लागेल. मला एकटीला आत जायला भीती वाटते गं. तू बघतेस? मी दार धरून उभी राहते."

काल त्या खोलीतून सगळा वायू काढला होता, दार सकाळपर्यंत सताड उघडं होतं. निरीक्षक स्वतः आत जाऊन आले होते, घाम पुसत का होईना. भीती वाटली, पण मामांच्या चष्म्यासाठी भाची गेली. थंडगार, गोड, जड वास. थप्प्यांमधल्या चिंचोळ्या जागेत ती वाकली. फरशीवर मामांना ओढत नेल्याची धुळीतली रेघ अजून दिसत होती.

मामी तर आत्ता निघेपर्यंत आपल्यासमोरच होती, तिच्या मनात आलं. तिने फोन कधी केला?

मागे दार बंद झालं.

"ताई?"

आतून उघडायचा दांडा असतो. तिने तो सगळा भार टाकून दाबला. दांडा फिरला, पण दार बोटभरही हललं नाही. बाहेर ट्रॉलीची चाकं करकरली, काहीतरी जड येऊन दाराला टेकलं. झरोक्यात ताईचा चेहरा दिसला. रागाचा नव्हता तो. भाचीच्या चेहऱ्याइतकाच घाबरलेला होता. मग तोही गेला.

"ताई! ताई, मी आत आहे!"

आणि ओरडता ओरडताच ती गप्प झाली. दोन अक्षरांचा आळस नडला, ताई म्हणाली होती. भाचीला वाटलं होतं ती पाटीबद्दल बोलतेय. पण पाटीवर "मा" होतं. "मामा" लिहायला आणखी एकच अक्षर लागतं. दोन अक्षरं कुठे राहिली होती? 'ताजी-हवा'मधली ह आणि वा. कमांडमधली अक्षरं कुणीच पाहिली नव्हती तेव्हा ताईला ते माहीत होतं.

उद्या लोक काय म्हणतील तेही तिला दिसलं. बिचारीच्या मनाला लागलं. तिच्या प्रोग्रॅमने मामाचा घात झाला, म्हणून तिथेच जाऊन जीव दिला पोरीने.

ती पाठीने दाराला टेकून खाली बसली. छताजवळच्या नळीतून वायू येतो तेव्हा बारीक फुसफुस होते. ती ऐकू येतेय का? की हा आपलाच श्वास? बदल केला होता. पण तो नियंत्रण कक्षातल्या मशीनवर गेला होता का? जतन केलं होतं का? बोटं कापत होती तेव्हा. तिने शेवटची कळ दाबल्याचं आठवायचा प्रयत्न केला आणि तिला काहीच आठवेना. तिने श्वास रोखला. छाती जळायला लागली. सोडला. भीतीने पुन्हा घेतला. आता चक्कर येतेय ती भीतीची की कशाची?

मग फुसफुस सुरू झाली.

तिने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं आणि डोळे मिटले.

६

त्याच सुमारास निरीक्षक नियंत्रण कक्षाकडे येत होते. त्यांना एक साधी गोष्ट करून बघायची होती: मामांच्या खुर्चीत बसायचं आणि स्क्रीन कुठून दिसते ते पाहायचं. मिस्त्री खोटं बोलत नव्हता, हे त्यांना कळून चुकलं होतं. समोर बसणाऱ्याला पाठच दिसते. साहेब खाली येत नाहीत. मग मामांच्या पाठीमागे रोज कोण उभं राहत होतं? तापमानाचे आकडे घ्यायला रोज सकाळी येणारं माणूस एकच होतं. आणि तेच माणूस सांगत होतं की मामा पूर्ण लिहायचे.

ते दारात आले तेव्हा खुर्ची रिकामी नव्हती.

ताईला त्यांची चाहूल लागली नाही. तिने खोली चार, ताजी असं लिहिलेलं होतं, आणि खाली प्रोग्रॅमचं उत्तर होतं: असा पर्याय नाही. तिने पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. मग ती जुन्या शब्दावर गेली. एकेक अक्षर शोधत, ओठ हलवत. नायट्रोजन-भर.

असा पर्याय नाही.

"शेवटचा काना राहिला, ताई," निरीक्षक म्हणाले.

ती किंचाळलीही नाही. कीबोर्डावरचे हात तिने तसेच उचलले आणि मांडीवर ठेवले.

"खोलीत कोण आहे?" आणि तिच्या तोंडाकडे बघून त्यांना उत्तर मिळालं. बोर्डाकडे एक नजर टाकून त्यांनी तिच्या खांद्यावरूनच एका बोटाने टाइप केलं, पूर्ण, मधल्या रेघेसकट: ताजी-हवा. मग मिस्त्रीच्या नावाने हाक मारत मार्गिकेतून धावत सुटले.

भाचीने ऐकलेली फुसफुस त्या हवेची होती.

दोघांनी ट्रॉली बाजूला लोटली. दार उघडलं तेव्हा भाची उठेचना. तिला वाटलं, हे जे दिसतंय ते मेल्यानंतरचं आहे. बंद खोलीला घाबरणारे निरीक्षक तिच्याकडे आत आले, खाली बसले आणि म्हणाले, "श्वास घ्या. चांगली हवा आहे. घ्या बरं." त्यांचाच श्वास लागला होता.

ताई पळून गेली नव्हती. तिथेच बसून होती. पोलीस येईपर्यंत तिने आपण होऊन सगळं सांगितलं, कुणी थांबवलं असतं तरी थांबली नसती.

मागच्या हंगामात चार नंबरच्या खोलीची थंडी काही दिवस बंद पडली होती. आतून बुरशी धरलेली फळं ताईने तपासल्याशिवायच चांगली म्हणून पुढे पाठवली. घरी सासूचं आजारपण, झोप नाही, एवढ्या क्रेट कोण फोडून बघतंय? ती फळं एका वसतिगृहात रसाला गेली. मुलं आजारी पडली. एक मुलगी घरी परतली नाही. फळं कुठली होती हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मामांच्या आलं.

"ते ओरडले असते तर बरं झालं असतं," ताई म्हणाली. "ओरडले नाहीत. म्हणाले, तू त्या घरी जा, सांग. मी डोळा करून परत येईपर्यंत सांग. मी रोज निघायचे हो. चप्पल घालायचे. आणि पाय उचलायचाच नाही. मग त्या बैठकीत साहेब म्हणाले सोपं काहीतरी ठेवा, आणि माझ्या तोंडून तो शब्द गेला. मी हसत म्हणाले. घरी आल्यावर कळलं मी काय बोलले ते. तेव्हाही बदलता आलं असतं. त्यांच्या परतण्याच्या आदल्या दिवशी मी सेल काढला आणि मिस्त्रीकाकांच्या पेटीत टाकला. म्हणजे ठरवूनच काढला."

"आणि मी?" भाचीने विचारलं. तिच्या अंगावर मिस्त्रीकाकांचं घोंगडं होतं.

ताईने तिच्याकडे पाहिलं नाही. "तुला मी बोलून गेले होते, हॉस्पिटलमध्ये. बोलल्यावर लगेच कळलं. तुला कधीतरी समजलंच असतं."

७

मामा शुद्धीवर आले त्या सकाळी मामीने देवासमोर नव्हे, वॉर्डातल्या आयाबाईंसमोर हात जोडले. मामांचे हात थरथरत होते, शब्द जड येत होते, पण माणसं ओळखत होते. डॉक्टरांनी बजावलं: त्या दिवसाचं त्यांना काही आठवत नाही, आणि इतक्यात आठवून देऊ नका. धक्का सोसणार नाही.

भाची रोज येऊन बसायची. कोल्ड स्टोरेजमध्ये ती गेली नव्हती. लिफ्टमध्येही शिरत नव्हती. चार मजले चढून यायची.

एका दुपारी मामांनी पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि खिडकीकडे बघत विचारलं, "ताई... बोलली का?"

मामीने पेला खाली ठेवला.

"मी तिला सांगितलं होतं," मामा एकेक शब्द वेचत म्हणाले. "त्या पोरीच्या घरी जा म्हणून. मुदत... संपली असेल आता. बोलली का ती?"

"बोलली मामा," भाची म्हणाली. "सगळं बोलली. त्या घरच्यांनाही कळलंय."

मामांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "आपणहून?"

भाचीने तोंड उघडलं. झरोक्यातला तो घाबरलेला चेहरा, ती करकरणारी चाकं, सगळं एकदम दाटून आलं.

"हो, आपणहून," मामी म्हणाली. गेले कित्येक दिवस ताईच्या नावाने कडाकडा बोटं मोडणारी मामी. तिने पांघरूण मामांच्या गळ्यापर्यंत ओढलं, आणि ते ओढताना तिच्या मुठी घट्ट आवळलेल्या होत्या.

"म्हटलं नव्हतं मी?" मामा म्हणाले. "वाईट नाही ती. भित्री आहे."

त्यांनी डोळे मिटले. मामी पेला घेऊन बाहेर गेली आणि बराच वेळ आलीच नाही. भाची खुर्ची ओढून पलंगाला चिकटून बसली आणि पांघरुणाखाली त्यांची छाती वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते, ते बघत राहिली.